योगासनात खांदे आणि छाती बरोबर आहेत का, हे घरी एकट्याने कसं बघायचं? आरशात तर सगळं ठीकच दिसतं, पण टीचर सारखं "खांदे कानापासून लांब" सांगतात. रोज कोथरूड ते हिंजवडी स्कूटर आणि मग दिवसभर लॅपटॉप असतो

आरशात समोरून ठीक दिसणारच हो, खांद्याची गडबड समोरून कळतच नाही फारशी. मोबाईल बाजूला स्टुलावर ठेवा, व्हिडिओ काढा, मग एकदा पाठीमागून काढा, आणि ढगळ टी-शर्ट नको, नाहीतर नुसतं कापड बघत बसाल.

मी आधी बरगड्या बघते, खांदे नंतर. "छाती उघडा" म्हटलं की बरेच जण खालच्या बरगड्या पुढे काढतात आणि कमरेत वाकतात, छाती बिचारी होती तिथेच. खरी उघडली की छातीचं मधलं हाड वर उचललं जातं, कॉलर बोन दोन्हीकडे पसरल्यासारखे होतात आणि खालच्या बरगड्या जागेवरच राहतात. चेक करायचंय? उताणं झोपा, गुडघे वाकवा, पाय जमिनीवर, आता सरळ हात डोक्यामागे न्या. बरगड्या उठल्या आणि कंबर जमिनीपासून सुटली तर खांद्यात जे कमी पडतंय ते कमरेतून उधार घेताय, आणि हेच उभ्याने ऊर्ध्व हस्तासनातही, म्हणजे हात डोक्यावर ताणून उभं राहताना, होत असणार.

तुम्ही लिहिलंय की टीचर सारखं "खांदे कानापासून लांब" सांगतात. भुजंगासनात बरोबर आहे, तिथे खांदे उचलून मान आखडते. पण हात डोक्यावर असतील तेव्हा तेच धरून बसू नका. हात 180 अंश वर जातो त्यातले साधारण 120 खांद्याच्या सांध्यातून येतात आणि 60 पाठीवरचं पातं वर फिरल्यामुळे येतात, म्हणजे पातं फिरायलाच हवं, त्याला जबरदस्तीने खाली ओढलंत तर सांध्यात चिमटल्यासारखं होऊ शकतं. अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, बैठक वर, उलटा V) त्यामुळे मी कानाचं अंतर बघत नाही, बाजूने मनगट ते बैठक एक रेघ येते का ते बघते. छाती खाली लोंबली आणि खांदे रेघेच्या खाली गेले की लोकांना वाटतं वा काय लवचिक, पण तो सगळा भार सांध्यावर लटकवलेला असतो!

त्रिकोणासनाला भिंत बेस्ट. पाठ भिंतीकडे करून करा, वरचा खांदा भिंतीपासून सुटून पुढे आला म्हणजे छाती जमिनीकडे वळली, मग खालचा हात घोट्याला लावायचा हट्ट सोडा आणि ठोकळ्यावर किंवा नडगीवर ठेवा. चतुरंगात, म्हणजे पुश-अपसारखं कोपर वाकवून खाली येताना, एकच बघा, खांदे कोपराच्या खाली जाता कामा नयेत, बास.

अजून एक, कोथरूडहून हिंजवडी स्कूटरवर आणि मग दिवसभर लॅपटॉप म्हणताय तर हे कराच: दोन्ही मुठीत पेन्सिल धरून सहज उभे रहा. पेन्सिली सरळ पुढे न बघता एकमेकींकडे वळल्या तर बहुतेकदा दंड आतल्या बाजूला फिरलेले असतात. तसं असेल तर ताडासनात तळवे मांडीकडे ठेवून फक्त दंड बाहेर फिरवायची सवय करा, कमरेत न वाकता.

आणि पुण्यात आहातच तर मॉडेल कॉलनीत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची 1975 पासूनची इन्स्टिट्यूट आहे, त्या पद्धतीत पट्टे, ठोकळे, भिंतीचे दोर सगळं याच कामाला वापरतात, क्लासबद्दल तिथे चौकशी करा. हात वर नेताना एका ठराविक जागी कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र व्हिडिओ-बिडिओ राहू द्या, आधी ऑर्थोपेडिकला दाखवा.