बी.कॉम. नंतर थेट एमए सायकॉलॉजी झेपेल का?

प्रश्न : मी लांजा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये क्लार्क आहे, वय 36. दाखल्यासाठी, फी भरायला पोरं ऑफिसात येतात आणि मग नुसतीच बसून राहतात, घरातलं सांगतात. कुणाचे बाबा मुंबईला, कुणाच्या घरी रोज दारूवरून भांडणं. त्यांचं ऐकून ऐकून सायकॉलॉजीत एमए करायचं मनात आलंय. पण माझं बी.कॉम. झालंय, हा विषय कधीच नव्हता. नोकरी सोडता येणार नाही. जमेल का? आणि एमए झाल्यावर काउन्सेलिंग करता येईल का?

उत्तर : ताई, विषय जमेल, नोकरी सांभाळून करणं मात्र आता अवघड झालंय. इग्नूचं दूरशिक्षणातलं एमए सायकॉलॉजी कुठल्याही शाखेच्या ग्रॅज्युएटला नोकरी चालू ठेवून करता यायचं, पण 2025 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सायकॉलॉजीचे दूरशिक्षणातले नवे प्रवेश बंद केलेत. म्हणजे आता रेग्युलर एमएच उरतं, तेव्हा लांज्याहून तुम्हाला कुठलं कॉलेज जमतंय आणि हजेरीसाठी रजा किती लागेल ते फॉर्म भरायच्या आधीच विचारून घ्या, नाहीतर ऐन पावसाळ्यात घाट चढायची वेळ येते. रेग्युलर एमएला प्रत्येक युनिव्हर्सिटीचे नियम वेगळे, काही ठिकाणी बीएला सायकॉलॉजी लागतंच.

नवीन माणूस अडतो तो बहुतेक वेळा स्टॅटिस्टिक्सला. माणसाचं मन समजून घ्यायला आलो आणि हे काय गणित, असं होतं. तुम्हाला बी.कॉम.चा इथे खरंच फायदा आहे, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन तुम्ही कधीतरी केलेलं असणार. समजा दोन बागायतदारांच्या हापूसचं सरासरी वजन 250 ग्रॅमच आहे, पण एकाच्या पेटीत सगळी फळं एकसारखी आणि दुसऱ्याच्यात बारकी-मोठी मिसळलेली, तर हा जो फळाफळातला फरक आहे तो स्टँडर्ड डेव्हिएशन सांगतं. आता हेच बुद्ध्यांकाला लावा. नेहमीच्या बुद्धिमापन चाचण्यांमध्ये सरासरी 100 आणि स्टँडर्ड डेव्हिएशन 15 धरतात, त्यामुळे शंभरातली साधारण 68 मुलं 85 ते 115 मध्ये येतात. रिपोर्टवर 88 बघून आईबाप घाबरतात आणि पोरगं 'ढ' ठरतं, पण ते त्या मोठ्या घोळक्यातच आहे. एवढं जरी तुम्ही एखाद्या पालकाला नीट सांगू शकलात ना, तरी त्या गणिताचं चीज झालं.

दुसरी गोष्ट रिसर्च मेथड्स, म्हणजे संशोधन कसं करायचं ते. हा पेपर लोक पास होण्यापुरता करतात, तुम्ही तसं करू नका, कारण तुमच्या ऑफिसातल्या पोरांशी त्याचा थेट संबंध आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि स्पीड किती होता ते विचारलं, फक्त काहींना विचारताना 'गाड्या जोरात आदळल्या तेव्हा' म्हटलं आणि काहींना 'एकमेकींना लागल्या तेव्हा'. फिल्म त्याच, पण पहिल्यांनी सरासरी ताशी 41 मैलांच्या आसपास सांगितलं आणि दुसऱ्यांनी 32 च्या. म्हणजे प्रश्न कसा विचारला त्यावर उत्तर हललं. आता पोर रडत समोर बसलंय आणि आपण मायेपोटी विचारतो, 'बाबा मारतात का रे?' त्यापेक्षा 'काय झालं सांग बरं' म्हणावं आणि थांबावं, त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्यावं. हे नुसत्या चांगल्या स्वभावाने येत नाही, शिकायलाच लागतं.

मेंदू आणि न्यूरॉन्सचा (मेंदूतल्या पेशींचा) भाग सुरुवातीला जड जातो, त्याला अकरावी-बारावीची बायोलॉजीची आणि सायकॉलॉजीची पुस्तकं आधी वाचा, सायकॉलॉजीची मराठीत मिळतात. थेट एमएचं इंग्रजी मटेरियल उघडलंत तर पहिल्याच आठवड्यात धीर सुटेल.

आता काउन्सेलिंगचं. नुसत्या एमएवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' (मानसिक आजार तपासून उपचार करणारा) असा बोर्ड लावता येत नाही, त्यासाठी पुढचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते. तिकडे जायचा विचार असेल तर तुम्ही निवडलेलं एमए पुढे चालेल का हे आत्ताच विचारा. शाळेत काउन्सेलर म्हणून काम करायचं तर अनुभवी माणसाच्या हाताखाली काही काळ काढल्याशिवाय कृपा करून एकटीने सुरू करू नका. आपल्याकडे वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात, पोराने सांगितलेलं संध्याकाळपर्यंत त्याच्या आत्येच्या कानावर गेलं तर ते पोर परत कुणाकडेच तोंड उघडणार नाही. मात्र त्याच्या जिवाला धोका आहे किंवा कुणी त्याच्यावर अत्याचार करतंय असं कळलं, तर ते पोटात ठेवायचं नाही, लगेच हेडमास्तरांना सांगायचं, आणि हे पोरालाही आधीच सांगून ठेवायचं.

आणि या पोरांना मदत करायला तुमच्या एमएची वाट बघायला नको. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, तिथे तपासायला नेलं म्हणजे कुणी वेडं ठरत नाही, हे पालकांना दोनदा सांगावं लागेल, सांगा. नंबर मोठ्या अक्षरात लिहून उद्याच तुमच्या फीच्या खिडकीशेजारी चिकटवा.