कोपरे झिजलेत, झिजू देत

प्रिय दोस्ता,

२०११ च्या टॉप्स अपडेट या बेसबॉल कार्डांच्या संचातलं माइक ट्राउट या बेसबॉलपटूचं रुकी कार्ड, म्हणजे नवखा असतानाचं कार्ड, नंबर यूएस १७५, आणि तू विचारतोस की पांढरे पडलेले कोपरे मार्करने रंगवून विकू का? न्यू जर्सीत वाढलेला तू, आणि तिथल्याच मिलव्हिल गावच्या या पोराच्या कार्डाला मार्कर! आहे तसं राहू दे. खोडरबर नको, ओलं फडकं नको, जाड पुस्तकाखाली दाबणं नको. भावना बाजूला ठेवून नुसता व्यवहार बघितलास तरी हेच. मार्करची शाई अतिनील दिव्याखाली वेगळी उठून दिसते. कडा कापून सरळ केल्यास, तर अडीच बाय साडेतीन इंचांचं माप चुकतं. कार्ड तपासून दर्जाचा आकडा देणाऱ्या ग्रेडिंगवाल्यांनी ते पकडलं की एक ते दहातला कुठलाच आकडा मिळत नाही. झिजलेल्या कार्डाला कमी का होईना, आकडा तरी मिळतो.

आधी ते अस्सल आहे का बघ, कारण या कार्डाच्या नकला फार. दहापट मोठं दाखवणारं भिंग घे. फोटो रंगीत ठिपक्यांचा दिसेल, पण बारीक काळी अक्षरं सलग काळी हवीत. अक्षरंही ठिपक्यांची दिसली, तर कुणीतरी स्कॅन करून छापलंय.

मग हात धुऊन कोरडे कर. कार्ड कडांना धरून पेनी स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ मऊ प्लास्टिकच्या पाकिटात, सरकव. कोपरा स्लीव्हच्या तोंडाशी अडतो आणि तिथेच दुमडतो, म्हणून आधी स्लीव्हच्या तोंडाला एका बाजूने छोटी तिरकी कात्री मार. वरून ३५ पॉइंट जाडीच्या कार्डांचा टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट. ग्रेडिंगला पाठवायचंच असेल तर टॉपलोडर नको, कार्ड सेव्हर हे थोडं लवचीक पाकीट घे. त्यातून कार्ड ओढावं लागत नाही. बाकीच्या कार्डांना नऊ कप्प्यांची प्लास्टिकची पानं, पण पॉलिप्रॉपिलीनचीच. पीव्हीसीची पानं कालांतराने चिकट होतात आणि कार्डाची चकाकी घेऊन जातात. फाइल डी-रिंगची, म्हणजे इंग्रजी D आकाराच्या रिंगांची घे. गोल रिंगमध्ये आतल्या ओळीची कार्डं चेपतात.

आता विकण्याचं. ट्राउट २०२१ मध्ये ३६ सामने खेळला, २०२४ मध्ये २९. त्याची पोटरी नाहीतर गुडघा दुखला की भाव घसरतो आणि तुझ्यासारखे घाबरतात. मोसमातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचे, म्हणजे एमव्हीपीचे, तीन किताब त्याच्या खात्यात आहेत, ते कुठे जात नाहीत. तू ते कार्ड दप्तरात घालून फिरवलंस ते किमतीसाठी होतं का? तसं असेल तर विकून टाक, मी अडवत नाही. पण आधी रंगवून मग विकणं म्हणजे शुद्ध फसवणूक, आणि यावर मला हट्टी म्हणणारे खुशाल म्हणोत. त्यांच्या चकचकीत कोपऱ्यांपेक्षा मला माझे मऊ कोपरे बरे.

तळघरातले कार्डांचे गठ्ठे वर आण. दमटपणाने चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटतात. नखाने सोलशील तर छपाईच उचकटेल. कोरड्या खोलीत पडू देत काही आठवडे. रबरबँड आजच काढ, ओढून नाही, कापून. वाळून कार्डाला चिकटलेला तुकडा खरवडू नकोस, तसाच राहू दे.