टचलाइनवरून : आर्मांदो होते म्हणून धेंपो होता?

(एकेकाळचा डावा बचावपटू आणि आता नुसता प्रेक्षक असलेल्या लेखकाचं प्रश्नोत्तराचं सदर)

प्रश्न : आमच्या घरात धेंपो या गोव्याच्या फुटबॉल क्लबचं वेड पिढीजात. बाबा अजून म्हणतात, "आर्मांदो होता म्हणून धेंपो होता." मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. राष्ट्रीय लीगची पाचही विजेतेपदं प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्याच काळातली, आणि ते गेल्यावर दोन वर्षांत संघ खाली. २०२४-२५ मध्ये क्लब आय-लीगमध्ये परतला तो समीर नाईक यांच्या हाताखाली, आणि लोक पुन्हा एकाच माणसाचं नाव घ्यायला लागले. अशा वेळी आनंद मानायचा की धास्ती घ्यायची?
– एक समर्थक, फोंडा

उत्तर : विजेतेपदांवरून बाबांशी वाद घालू नका, हराल. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२. पहिली दोन राष्ट्रीय फुटबॉल लीगची, पुढची तीन आय-लीगची. स्पर्धेचं नाव बदललं, परदेशी खेळाडू आले नि गेले, बाकावर आर्मांदो कुलासो तेच. २००८ मध्ये याच संघानं आशियाई क्लबांच्या एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली. आपल्याकडे लागोपाठ तीन सामने हरले की प्रशिक्षकाला बॅग भरून ठेवावी लागते. तिथं एका क्लबनं एका माणसाला दशकभर सांभाळलं, हेच नवल. त्याचं श्रेय क्लबचे मालक श्रीनिवास धेंपो यांना द्यायला लोक विसरतात. तुमचे बाबाही विसरले असतील.

पण बाबांना एक विचारा. २०१२-१३ च्या हंगामात आर्मांदो होते ना? होते. मग विजेतेपद चर्चिल ब्रदर्सकडे कसं गेलं? आदल्या हंगामात एकट्यानं ३२ गोल करणारा रँटी मार्टिन्स तोवर धेंपो सोडून कोलकात्याला गेला होता. सगळं त्याच्यामुळेच बिघडलं असं मी म्हणत नाही. पण ३२ गोल टाकणारा माणूस गेल्यावर फळ्यावर कितीही बाण काढले तरी ती जागा भरत नाही, हे मी बचावपटू म्हणून सांगतो. रँटीसारखा पुढे असला की मागच्या चौघांची निम्मी चिंता मिटते.

२०१३ मध्ये आर्मांदो प्रशिक्षकपदावरून उतरले. ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आले, नंतर इंग्लंडचे ट्रेव्हर मॉर्गन. २०१५ मध्ये पाच वेळचा विजेता संघ आय-लीगमधून खाली गेला. तिकडे आर्मांदोंनी ईस्ट बंगालला २०१३-१४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं. बाबा म्हणतील, "बघ!" तुम्ही म्हणा, "दुसऱ्याच ना?" हा वाद असाच रात्रभर चालेल आणि दोघंही खरे ठराल.

आता जरा शेजारी बघा. २००६-०७ ते २०१२-१३ असे लागोपाठ सात हंगाम देशाचं विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही. त्यातली चार धेंपोची. २०१०-११ चं साळगावकरचं, मोरोक्कोच्या करीम बेंचरीफांच्या हाताखाली. चर्चिलची दोन, आणि दोन्ही वेळा प्रशिक्षक वेगळे : आधी सर्बियाचे झोरान जॉर्जेविच, मग आपले मारियानो डायस. म्हणजे एकाच माणसाला धरून न राहताही जिंकता येत होतं. पण त्या चर्चिलचं पुढं काय झालं? २०१३-१४ मध्ये फेडरेशन कप जिंकला आणि त्याच हंगामात आय-लीगमधून बाहेर पडले. प्रशिक्षक बदलत राहिल्यानं क्लब सुरक्षित होतो असा कुणाचा समज असेल, तर त्यानं तो हंगाम आठवावा.

माझं म्हणणं असं की तुमची धास्ती खरी आहे, माणूस चुकीचा धरलाय. समर्थकाला प्रशिक्षक दिसतो. तो टचलाइनवर उभा राहून ओरडतो, हरल्यावर त्याला शिव्या घालता येतात, जिंकल्यावर खांद्यावर घेता येतं. ज्याच्या एका सहीवर सगळं चालतं तो माणूस मात्र दिसत नाही. महिंद्र युनायटेड आठवतंय? २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या हाताखाली राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा संघ. २०१० मध्ये कंपनीनं तो बंद केला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी, २०११ मध्ये बंद. या दोन्ही संघांना प्रशिक्षकाच्या जाण्यानं धक्का बसला असता, दुखलं असतं, पण संघ उरला असता. आणि धेंपोचं काय? खाली गेल्यावर २०१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन क्लबनं वर यायचा हक्क मिळवला होता. मैदानावर काम फत्ते होतं. त्याच वर्षी गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो, तिघंही आय-लीगला दुसऱ्या पायरीवर ढकलणाऱ्या महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले. निषेधाची कारणं मला पटली होती, आजही पटतात. पण ते ठरवलं ते बैठकीत, आणि त्या बैठकीला ना प्रशिक्षक होता ना तुमच्यासारखा समर्थक.

हे मी पेपरात वाचून सांगत नाही. मी मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून खेळायचो, नोकरी क्रीडा कोट्यातली. आमचा प्रशिक्षक हाडाचा होता. तो सोडून गेला तर आपलं कसं होणार, यावर कूपरेज मैदानाच्या बाहेर चहा पिताना आमच्या तासन्‌तास चर्चा चालायच्या. तो कुठं गेला नाही. एका सोमवारी नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं, संघ बंद. तो तेव्हा मैदानात आमची वाट बघत होता. त्यालाही आमच्याच एका मुलाकडून कळलं. मला डिस्पॅचमध्ये बसवलं, आमच्या गोलीला स्टोअर्समध्ये. तेव्हापासून कुणी "प्रशिक्षक गेला तर?" असं विचारलं की मी आधी विचारतो, पैसा कुणाचा आणि किती वर्षांचा?

आता समीर नाईक. इथं मला तुमच्या धास्तीपेक्षा आनंद जास्त दिसतो. समीर कोण? आर्मांदोंच्या त्याच संघाच्या बचावफळीतला. त्याच्या शेजारी खेळणारा महेश गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात आणि वीस वर्षांखालील मुलांबरोबर काम केलेला माणूस. डाव्या बगलेवरचा क्लिफर्ड मिरांडा २०२३ मध्ये ओडिशा एफसीचा हंगामी प्रशिक्षक होता, आणि त्यानं बंगळुरूला हरवून सुपर कप जिंकून दिला. एका ड्रेसिंग रूममधून इतके प्रशिक्षक निघाले, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. आर्मांदोंनी ठेवलेली ठेव ती हीच, आणि तिचं व्याज बरीच वर्षं दुसऱ्यांनी खाल्लं. भुवनेश्वरनं खाल्लं, दिल्लीनं खाल्लं. समीर धेंपोच्या बाकावर बसला तेव्हा त्यातलं थोडं घरी आलं. माझी तक्रार असलीच तर ती हीच, की यातला एखादा २०१३ मध्येच आर्मांदोंच्या शेजारी सहायक म्हणून तयार का नव्हता? ते तेव्हा अजून खेळत होते हे खरं. पण पुढचा माणूस घडवायचा तो संघ जिंकत असताना. हरायला लागल्यावर मिळतो तो विमानानं आलेला माणूस. तो बिचारा कितीही चांगला असो, त्याला क्लबच्या अकादमीचं एला कुठं आणि कुठल्या गावच्या पोराचा डावा पाय चांगला, हे कळेपर्यंत हंगाम संपतो.

तेव्हा फातोर्ड्याच्या स्टेडियमला जाल तर समीरच्या नावाचा जयजयकार खुशाल करा. मात्र बाहेर रस-ऑम्लेट खाताना गप्पांचा गाडा जिंकल्या गोलावर थांबू देऊ नका. सहायक कोण आहे, त्याला सरावात बोलू देतात का, एलाच्या अकादमीतली किती मुलं यंदा वरच्या संघात आली, खेळाडू घ्यायचा निर्णय एकटा प्रशिक्षक घेतो की त्याला 'नको' म्हणणारं कुणी आहे, हे विचारा. संघ हरत असताना असं विचारलं तर लोकांना ते भांडण वाटतं आणि कुणी उत्तर देत नाही. जिंकल्याच्या संध्याकाळी पदाधिकारी खुशीत असतात, तेव्हा गाठा. बाबांनाही घेऊन जा, त्यांच्या वयाच्या माणसाला कुणी टाळत नाही.

प्रश्न : काका, मी लिव्हरपूलची. आमचे प्रशिक्षक क्लॉप जाणार हे जानेवारी २०२४ मध्ये कळलं तेव्हा मी खरंच रडले होते. मग स्लॉट आला आणि पहिल्याच हंगामात लीग जिंकली. आता मँचेस्टर युनायटेडवाली मैत्रीण म्हणते, "तो क्लॉपचाच संघ होता, स्लॉटनं नुसता चालवला." तिला काय उत्तर देऊ?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तिला म्हण, "हो, क्लॉपचाच होता. मग?" २०२४-२५ मध्ये नवा म्हणून मैदानात आलेला नावाजलेला खेळाडू एकच, किएझा, आणि तोही जेमतेम खेळला. पण दुसऱ्याचा संघ हाती आल्यावर आपला ठसा उमटवायची घाई न करणं, हे नव्या प्रशिक्षकाला सगळ्यात जड जातं. स्लॉटला ते जमलं.

तुझ्या क्लबला ही विद्या जुनी आहे. बिल शँकली १९५९ मध्ये आले, दुसऱ्या श्रेणीतला संघ वर काढला, तीन वेळा लीग जिंकली आणि १९७४ च्या उन्हाळ्यात अचानक बाजूला झाले. सगळं शहर हादरलं. क्लबनं बाहेर कुणाला शोधलं नाही. शँकलींचे सहायक बॉब पेस्ली, जे ही जागा घ्यायला फारसे राजी नव्हते, त्यांनाच बसवलं. त्यांनी नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप आणले. त्यांच्यानंतर जो फॅगन, तेही घरातलेच. पहिल्याच हंगामात लीग आणि युरोपियन कप. ही माणसं ॲनफील्डवर बूट ठेवायच्या एका खोलीत सामन्यानंतर बसून बोलायची, आणि सरावाच्या नोंदी वर्षानुवर्षं वहीत लिहून ठेवलेल्या असायच्या. मुख्य माणूस बदलला तरी त्या वह्या तिथंच राहिल्या.

मैत्रिणीच्या क्लबचंही सांगते ते ऐक... चुकलो, सांगतो (माझी नात शेजारी बसून टाइप करतेय, ती पण युनायटेडची). प्रशिक्षक फर्ग्युसन १९८६ ते २०१३, तेरा लीग. ते गेले त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. खेळाडू विकत घ्यायचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारी ही जोडी, आणि दोन्ही खुर्च्या एकदम रिकाम्या! डेव्हिड मॉयेसना सहा वर्षांचा करार दिला आणि एप्रिल २०१४ मध्ये, पहिला हंगाम संपायच्या आत, काढलं. संघ सातवा आला. याच क्लबनं हे आधी एकदा भोगलेलं होतं. तेव्हाचे प्रशिक्षक मॅट बझबी १९६९ मध्ये उतरले आणि १९७४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत गेला. दोष मॉयेसच्या नावावर लिहिणं सोपं आहे. माझ्या मते ज्यांनी गिलला आणि फर्ग्युसनला एकाच वेळी जाऊ दिलं, त्यांचा दोष मोठा.

मैत्रिणीला हे हळू सांग. तिनं बरंच सोसलंय.

प्रश्न : तुम्ही गोव्याचे आणि इंग्लंडचे दाखले देता. कोल्हापुरात प्रशिक्षक कोण हे निम्म्या प्रेक्षकांना माहीतही नसतं. पेठेसाठी येतात लोक. मग आमचं बरं म्हणायचं का?
– पाटाकडीलचा एक जण, कोल्हापूर

उत्तर : एका अर्थी फारच बरं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस. यातला एखादा संघ परिपत्रक काढून बंद करून दाखवा म्हणावं कुणी. मालक नाही, तालीम आहे. शाहू स्टेडियमला येणारा माणूस हरल्यावरही त्याच गल्लीत राहायला जातो, दुसरा क्लब धरायची सोयच नाही.

पण माझ्यातल्या जुन्या खेळाडूला एक गोष्ट खटकते. प्रशिक्षकावाचून अडत नाही, म्हणून त्याला कुणी पुरेसा वेळ आणि पैसाही देत नाही. समोरच्या पेठेला यंदा हरवायचं, त्यासाठी हंगामापुरता बाहेरचा स्ट्रायकर आणायचा, गल्लीतल्या पंधरा वर्षांच्या पोराचं पुढच्या वर्षी बघू. अनिकेत जाधव तुमच्या मातीतला. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला, पण घडायला त्याला कोल्हापूर सोडावं लागलं. पेठेची ईर्ष्या तशीच ठेवा, तिच्यामुळेच स्टेडियम भरतं. वर्गणीतला एक हिस्सा मात्र लहान मुलांच्या प्रशिक्षकासाठी वेगळा काढा, आणि त्याला निदान पाच वर्षं हात लावू नका, मधे दिलबहारकडून हरलात तरी.