नर्सिंग असिस्टंटची जागा 'सुरक्षित' असते का?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा बारावी सायन्सला आहे आणि त्याला सैन्यात नर्सिंग असिस्टंट व्हायचंय. आजोबा म्हणतात, "जायचं तर बंदूक घेऊन जा, मलमपट्टी करायला कशाला?" तुम्हाला मात्र ही जागा त्यातल्या त्यात सुरक्षित वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मला दोन्ही पटत नाही.

नाईक दीपक सिंह आर्मी मेडिकल कोअरचे नर्सिंग असिस्टंट. १६ बिहार बटालियनसोबत होते. १५ जून २०२० च्या रात्री लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैनिकांशी चकमक झाली तेव्हा जखमींसाठी ते पुढे गेले. दगडांचा मारा चालू होता, स्वतःला जबर मार लागला, तरी उपचार थांबवले नाहीत. तिसाहून अधिक जवानांचे प्राण वाचवण्यात त्यांचा वाटा होता. ते स्वतः वाचले नाहीत. मरणोत्तर वीरचक्र मिळालं. आजोबांना एवढं जरूर वाचून दाखवा.

या कामात नुसती छाती पुरत नाही, हात तयार लागतो. अंधारात, थंडीने बोटं बधिर झालेली असताना रक्त नेमकं कुठून येतंय ते चाचपून शोधायचं, जखम दाबून धरायची, हातापायाचं रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वरच्या बाजूला पट्टा आवळायचा आणि तो किती वाजता बांधला ते लिहून ठेवायचं, कारण पुढच्या डॉक्टरला ती वेळ लागते. आजूबाजूला काहीही चाललेलं असो, लक्ष त्या एका माणसावर. मला हे धाडस बंदूकवाल्याच्या धाडसापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

आता प्रवेशाचं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४०. लेखी परीक्षा, धावणं, वैद्यकीय तपासणी असते. वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. डॉक्टरच व्हायचं असेल तर 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा, प्रयत्न करावा. तिथे एमबीबीएसनंतर सैन्यात सेवा बंधनकारक असते. पण केवळ 'डॉक्टर म्हटलं की मान मोठा' म्हणून त्याला तिकडे ढकलू नका.

सुट्टीत त्याला प्रथमोपचाराचा वर्ग लावा. रक्त बघून घेरी आली तरी लगेच नापास ठरवू नका, पुष्कळांना सुरुवातीला येते. महिनाभराने, अजून हेच करायचंय का, असं त्याला पुन्हा विचारा आणि त्याचं उत्तर मला कळवा.