हातावरची पांढरी रेघ

प्रश्न : काका, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, सहावीला. शाळा सुटली की दप्तर मित्राकडे टाकतो आणि परस्पर बोरी नदीवर जातो. विचारलं तर म्हणतो क्लासला होतो. मागच्या आठवड्यात चड्डीच्या खिशात मूठभर वाळू निघाली तरी कबूल नाही. त्याचे पप्पा म्हणताय होस्टेलला टाकू. टाकावं का?
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, आधी थोडं हसून घेतो, राग मानू नका, कारण मी पण बोरीकाठचाच. तुम्ही खिसे तपासता, आमची माय नखाने हातावर रेघ ओढायची. पांढरी उठली की पोऱ्या पाण्यात होता, मग साक्षीपुरावा काही नाही, डायरेक्ट चप्पल. आम्ही त्यावर पण तोड काढली, एका मित्राच्या घरून शेंगदाण्याचं तेल आणायचं आणि पोहून झालं की हातापायाला चोपडायचं. रेघ उठली नाही, पण अंगाला भज्यांचा वास, पकडले गेलोच.

उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात टरबुजाच्या वाड्या लागायच्या. एकदा भरदुपारी तिघं घुसलो आणि राखणीवरच्या बाबाच्या हाती सापडलो. मारलं नाही त्याने. तीन डबे दिले, झिऱ्यातून पाणी आणून सगळे वेल भिजवा म्हणे. वाळू अशी तापलेली की चटके बसून आम्ही नाचत नाचत पाणी घालत होतो आणि तो सावलीत बिडी ओढतोय. दिवस मावळल्यावर आम्हीच तोडलेलं टरबूज गुडघ्यावर फोडलं, आत पांढरं फटक. "पिकलेलं ओळखता येत नाही अन् चोरी करता?" मग टिचकी मारून आवाज कसा ऐकायचा ते शिकवलं. आजही बाजारात माझं टरबूज चुकत नाही.

आता खोटं बोलण्याचं. खरं सांगितलं तर नक्की मार, खोटं सांगितलं तर कदाचित सुटका, पोरगं हिशोब करणारच ना. काळजी खोट्याची नाही, पाण्याची करा. वाळू उपसून नदीत खड्डे झालेत, गढूळ पाण्यात कुठे गुडघाभर अन् कुठे डोक्यावर ते कळत नाही, आणि वर तामसवाडीच्या धरणातून पाणी सोडलं की बघता बघता वाढतं. पावसाळ्यात नदी बंद म्हणजे बंद, इथे लाड नाही.

होस्टेल? तुमच्याच गावात साने गुरुजी १९२४ पासून प्रताप हायस्कूलला शिकवत होते, होस्टेलच्या पोरांचे कपडेसुद्धा धुवायचे म्हणतात. तसा माणूस सापडला तर खुशाल टाका, नाहीतर घरीच ठेवा.

त्यापेक्षा ओळखीतल्या कोणाच्या मळ्यात विहीर असेल तिथे पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकवा, पट्टीचा पोहणारा माणूस सोबत पाहिजेच. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला नदीच्या वाळवंटात सगळे मिळून जा, रथ बघा, तेव्हा त्यालाच विचारा तू कुठे कुठे उड्या मारतो ते, बघा कसा सगळं सांगतो.

आणि हो, पप्पांना पोहता येतं का ते तुम्ही लिहिलं नाही. येत नसेल तर विहिरीवर जाताना डबे दोन न्या.