वास नाही, गळती नाही. मग भोवळ कशाने?

प्रश्न : दिवाळीत आम्ही बाथरूममध्ये गॅस गिझर बसवला, सिलिंडर बाहेर गॅलरीत आहे. थंडी वाढल्यापासून आंघोळीनंतर पत्नीचे डोके दुखते, मळमळते आणि परवा तिला आतच भोवळ आली. मेकॅनिकने साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले, गळती नाही. थोड्या वेळाने ऑक्सिमीटर लावला, तर ९८ दाखवत होता. मग गिझरला दोष कसा द्यावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गिझर आजच बंद करा आणि तूर्त पाणी अन्यत्र तापवून घ्या. आपल्या मेकॅनिकने शोधली ती गळती. येथे शंका आहे ती ज्वलनाची. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, परंतु तोच गॅस अपुऱ्या हवेत जळू लागला की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो, ना रंग.

एक किलो गॅस पूर्ण जळण्यास साधारण १२ घनमीटर हवा लागते, आणि चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाच घनमीटरही हवा नसते. गार वारा येऊ नये म्हणून थंडीत आपण खिडकी लावून घेतो आणि गरम पाणी अधिक वेळ सोडतो. त्रास थंडीबरोबर वाढला, यात म्हणूनच नवल नाही. सिलिंडर बाहेर ठेवल्याने गळतीचा धोका कमी होतो, पण ज्योत आतच जळते आणि आतलीच हवा वापरते.

हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटला आहे की हा वायू, हे साध्या ऑक्सिमीटरला वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे त्याच्या ९८ वर विसंबू नये. (या आकड्याने भले भले निर्धास्त होतात.) पत्नीला डॉक्टरांकडे न्या आणि गिझरचा उल्लेख आवर्जून करा, नाहीतर अशक्तपणा किंवा पित्त म्हणून गोळ्या मिळण्याचा संभव असतो. कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनची, रक्ततपासणी असते, पण मोकळ्या हवेत हे प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येत असल्याने आज ती निर्दोष आली तरी परवाची शंका फिटत नाही. पुन्हा कोणी आत कोसळल्यास दार उघडून त्या व्यक्तीला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ वर फोन करावा. उपचार प्राणवायूचाच असतो.

एक्झॉस्ट पंखा बसवून भागेल, असे आपल्याला सांगितले जाईल. ते मला मान्य नाही, कारण हवा आत येण्यास वाट नसेल तर पंख्याच्या ओढीने ज्वलनाचा धूर खोलीतच उलटू शकतो. गिझर उघड्या गॅलरीत हलवावा आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यावा. गॅलरीला सरकत्या काचा बसवून ती बंदिस्त केली असेल, तर मात्र तीही खोलीच समजावी.