आई घरात थांबतच नाही, काय करू?

"मॅडम, आता तुम्हीच सांगा आईला, आमचं कोणाचं ऐकत नाही." मी समुपदेशक आहे, महिन्यातून दोनदा तरी हे वाक्य माझ्या समोरच्या खुर्चीतून येतं. कधी आई असते, कधी सासूबाई, कधी वडील. रिटायर झालेत, पेन्शन चालू आहे, आता निवांत बसायचं सोडून लोकांसाठी राबतायत आणि तब्येतीची वाट लावून घेतायत. म्हणून ही एक केस सांगते. घरच्यांना विचारलंय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बाई ६१ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, नियमाप्रमाणे ५८ला रिटायर. राहायला पुण्यात सिंहगड रोडला. निरोप समारंभाची शाल घडी मोडायच्या आत जनता वसाहतीत, पर्वतीच्या चढावर एका पत्र्याच्या खोलीत त्यांचा संध्याकाळचा क्लास सुरू, अर्थातच फुकट. मग क्लासच्या पोरांच्या आया येणार, त्यांचे रेशनकार्डाचे फॉर्म, जातीचे दाखले, खासगी शाळांतल्या आरटीईच्या २५ टक्के मोफत जागांचे ऑनलाइन अर्ज, रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी फोन बाईंनाच. मुलगा हिंजवडीत आयटीत. त्याचं म्हणणं, आईला चढताना धाप लागते, दोनदा चक्कर आलीय, पण सांगायला गेलं की म्हणते तुला नाही कळायचं.

अशा वेळी मी पहिल्यांदा रक्त तपासायला पाठवते. लोकांना वाटतं समुपदेशक म्हणजे नुसतं बोलणार, पण थकवा मनाचा आहे हे ठरवायच्या आधी शरीराचं बघून घ्यावंच लागतं. हिमोग्लोबिन ९ निघालं, बायकांना १२ तरी हवं, आणि बी१२ व्हिटॅमिन पण कमी. अर्धं उत्तर तिथंच मिळालं, ते डॉक्टरांनी बघितलं.

उरलेल्या अर्ध्यात मी चुकले हे कबूल करते. मला वाटलं सरळ सरळ बर्नआउट आहे, म्हणजे कामाने पार थकून जाणं, बाईंना 'नाही' म्हणायला शिकवलं की झालं. मी तसं बोलायला लागले तर बाई म्हणाल्या, "सावित्रीबाई प्लेगच्या पेशंटची सेवा करताना गेल्या, त्या 'नाही' म्हणाल्या होत्या का?" आता १८९७ सालचं हे उदाहरण आपल्याकडे शिक्षिकांना इतक्या वेळा ऐकवलेलं असतं की त्यांना दमायची पण लाज वाटते. मी म्हटलं, बाई, १८५६ला त्याच सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी जाऊन राहिल्या होत्या की. तिथनं जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आहे, माझ्यामागे फातिमाला खूप त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही म्हणून. म्हणजे मागे सांभाळणारी सहकारी शिक्षिका फातिमा होती. तुमची फातिमा कोण? बाई गप्प.

मग त्यांना म्हटलं, आठवडाभर काय काय करता ते लिहून आणा आणि पुढे खूण करा, करून बरं वाटलं की जीव नकोसा झाला. "म्हणजे टाचण काढू?" हो, शाळेत तासाआधी काढायचात तसं टाचणच काढा. आणली की हो वही, पट्टीने आखलेली, लाल पेनाने खुणा! मला वाटलं क्लासपुढे फुल्या असणार. तर क्लासपुढे सातही दिवस बरोबरची खूण. फुल्या होत्या सोसायटीच्या मीटिंगपुढे, फॉर्मांच्या कामापुढे, आणि एका ठिकाणी खोडरबरने कागद फाटेपर्यंत खोडलं होतं. उजेडात धरलं तर वाचता येत होतं, 'रविवार दुपार, घरी'.

रविवारी काय होतं? "काही नाही हो. तो जेवताना मोबाइल बघतो. मी काहीतरी चुकलेय असं वाटत राहतं."

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बोलवलं. तब्येतीवरून सुरू झालं आणि पंधरा मिनिटांत मुलगा सहावीतल्या रेनकोटवर येऊन पोचला. नवा कोरा निळा रेनकोट, एकदाही न घातलेला, आईने शाळेतल्या कुठल्याशा भिजणाऱ्या मुलाला देऊन टाकला आणि हा अख्खा पावसाळा खांद्यावर फाटलेल्या जुन्यात गेला. चौतिशीचा माणूस, गळा भरून आला होता. बाई विचारतात, "कुठला रेनकोट?" त्यांना आठवतच नव्हतं! मला वाटतं त्याला रेनकोटपेक्षा ते जास्त लागलं.

मी काही बोलले नाही, अशा वेळी बोलू नये. जरा वेळाने तोच म्हणाला, "एकदा विचारायचं होतंस मला."
"विचारलं असतं तर दिला असतास?"
"नसता दिला."
आणि दोघंही हसायला लागले, बाई डोळे पुसत.

तर तुमच्याही घरी अशी आई असेल तर 'बंद कर ते सगळं' हे सांगून बघू नका, ते काम काढून घेतलं तर माणूस रिकामा होऊन बसतो. तब्येत तपासा, कशाने दमते ते तिलाच शोधू द्या, आणि आपण नक्की कशावर चिडलोय हे एकदा स्वतःला पण विचारा. आपली चिडचिड पुष्कळदा काळजीच्या नावाखाली बाहेर पडते.

यांच्याकडे आता फॉर्मांचं काम शनिवारी मुलगा लॅपटॉपवर करतो, कुरकुरत का होईना. गुरुवारचा क्लास बाईंचीच एक जुनी विद्यार्थिनी घेते, सध्या बीकॉमला आहे. हिमोग्लोबिन ११च्या वर गेलंय. मागच्या महिन्यात फोन आला तेव्हा विचारलं, गुरुवारी सुट्टीत काय करता? म्हणाल्या, "तिला टाचण काढून देते, तिचं गणित कच्चं आहे."